शांत भागात गुन्हे वाढू लागले तर: गेटला कुलूप लावण्याच्या पलीकडे रहिवाशांनी करायची कामं

कोथरूड म्हटलं की आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे निवृत्त बँकवाले, सकाळी टेकडी आणि संध्याकाळी कर्वे पुतळ्यापर्यंत फेरी असलंच चित्र येतं. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. ५ जानेवारी २०२४ रोजी सुतारदऱ्यात भरदिवसा शरद मोहोळ या गुंडावर त्याच्याच साथीदारांनी गोळ्या झाडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये गाडीला वाट दिली नाही एवढ्या कारणावरून कोथरूडमध्येच एका माणसावर गोळीबार झाला. शहरभर कोयते नाचवणारी पोरं, रस्त्यावरच्या गाड्या फोडणाऱ्या टोळ्या, टेकडीवर फिरायला आलेल्यांची लूट या बातम्या आता पुणेकरांना सवयीच्या झाल्या आहेत.

टोळ्यांची भांडणं बहुतेकदा टोळ्यांतच मिटतात. तुमच्या-आमच्या दारापर्यंत पोचतं ते वेगळं असतं: हिसकावलेलं मंगळसूत्र, पार्किंगमधून गेलेली दुचाकी, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये रोज बसणारी दारूपार्टी. याबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा होते, सकाळी ‘सावध राहा’चे फॉरवर्ड येतात आणि ठाण्यात नोंद मात्र कोणाचीच नसते. माझं म्हणणं सरळ आहे. गस्त कुठे घालायची आणि माणसं कुठे द्यायची, हे पोलीस नोंदींवरून ठरवतात. ग्रुपवर शंभर वेळा घडलेली आणि कागदावर एकदाही न आलेली गोष्ट त्यांच्या हिशेबात घडलेलीच नसते. म्हणून या लेखात कुलपांपेक्षा कागदांवर जास्त जागा खर्च केली आहे.

पहिलं काम: नेमकं काय वाढलंय ते शोधा

‘गुन्हे वाढलेत’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत या दोन गल्ल्यांमधून पहाटे चार ते सहाच्या दरम्यान दुचाकी जातायत’ या वाक्यावर करू शकतो.

ही माहिती मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ या विभागात पोलीस ठाणं आणि तारीख निवडून त्या बघता येतात. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त काकांना हे काम द्या, ते आवडीने करतील. तारीख, वेळ, जागा, गुन्ह्याचा प्रकार अशी साधी वही पुरे. त्याशेजारी दुसरा रकाना ठेवा: घडलं, पण नोंदवलं नाही. हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब निघाला, तर आधी काय करायचं ते तुम्हाला कळलं.

दुसरं काम: ‘गहाळ’ या शब्दाला नकार द्या

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात, म्हणून जरा थांबून.

समजा, संध्याकाळी फोनवर बोलत चालताना दुचाकीवरच्या दोघांनी मोबाईल हिसकावून नेला. तुम्ही ठाण्यात जाता. समोरचा अंमलदार वाईट माणूस नसतो, थकलेला असतो. तो म्हणतो, “काका, हिसकावला म्हणून लिहिलं तर तुम्हालाच कोर्टाच्या चकरा. गहाळ करून टाकू, दहा मिनिटांत दाखला हातात.” सिम कार्ड परत मिळवायला दाखला पुरतो, घरी जायची घाई असते, तुम्ही हो म्हणता. त्या क्षणी एक गुन्हा नाहीसा होतो आणि एक विसराळू काका तयार होतात. त्या रस्त्यावर असे पाचजण झाले, तरी ठाण्याच्या नकाशावर तिथे हिसकावणी शून्य.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणीसाठी स्वतंत्र कलम आहे, ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत असं वेगळं कलम नव्हतं. तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणा: “साहेब, हरवला नाही, हिसकावलाय. ३०४ खाली फिर्याद घ्या.” कलमाचा आकडा ऐकला की संभाषणाचा सूर बहुधा बदलतो.

आणखी काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. गुन्हा दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो असा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ बघा. ‘ही आमची हद्द नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावीच लागते. कोथरूड, अलंकार आणि वारजे या ठाण्यांच्या हद्दी कुठे संपतात हे तिथे जन्म गेलेल्यांनाही धड सांगता येत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण चौदा दिवसांत. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर महिनाभर चालत नाही.

नकारच मिळाला तर भांडू नका. तीच तक्रार लिहून परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझा अनुभव असा की उपायुक्तांच्या कार्यालयाचा शिक्का असलेली पोच दाखवली की पुढची पायरी क्वचितच चढावी लागते.

नुकसानीचा आकडा लिहायला विसरू नका

रात्री कोणी गाड्यांच्या काचा फोडल्या, सीट फाडल्या, तर लोक ‘मोडतोड केली’ एवढंच लिहून देतात. न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये शिक्षा नुकसानीच्या रकमेवर बदलते: वीस हजार ते एक लाखापर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून आधी गॅरेजवाल्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते फिर्यादीला जोडा. एकाच रात्री एकाच टोळक्याने आठ गाड्या फोडल्या असतील तर आठही मालकांनी एकत्र जावं आणि एकूण आकडा सांगावा. प्रत्येकजण वेगवेगळ्या दिवशी गेला तर एका मोठ्या प्रकाराचे आठ किरकोळ तुकडे होतात.

चोरीचंही तसंच. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी नव्या संहितेत अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. मुलाची गिअरची सायकल गेली तर ‘जुनी सायकल’ असं मोघम सांगू नका, बिल शोधा. दागिन्यांचे फोटो, वजन आणि पावत्या आजच एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे ऐवज सापडला तर तो तुमचाच आहे हे कोर्टाला पटवायला याच गोष्टी लागतात.

घरफोडी झाली असेल तर ११२ ला फोन करा आणि बाहेर थांबा. कपाट उघडून काय काय गेलं ते बघण्याचा मोह आवरत नाही, मान्य. पण ठसेतज्ज्ञ येईपर्यंत दाराच्या कडीलाही हात लावू नका.

११२ बद्दल एक. पुष्कळांच्या फोनमध्ये ओळखीच्या हवालदाराचा नंबर असतो आणि दारूपार्टी दिसली की त्यालाच फोन जातो. तो बिचारा येतोही, पण त्या फोनची कुठेही नोंद राहत नाही. ११२ वरच्या प्रत्येक कॉलची वेळेसकट नोंद होते. एकाच प्लॉटबद्दल महिनाभरात पाच घरांतून कॉल गेले तर पुढच्या बैठकीत तुम्हाला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

तिसरं काम: अंधार पडल्यावर एक फेरी

दिवसा सगळा भाग चांगलाच दिसतो. रात्री नऊच्या सुमाराला चारजणांनी वही-पेन घेऊन चालत निघा. एक तरुण मुलगी आणि एक आजी सोबत हव्यातच. पुरुषांना जो बोळ ‘ठीक आहे’ वाटतो, तिथून ती मुलगी क्लासहून परतताना मुद्दाम लांबचा वळसा घेते, हे अशाच फेरीत कळतं.

बंद दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या. ‘गणपती मंदिराजवळचा दिवा’ या वर्णनावर महापालिकेचा माणूस येऊन दुसराच दिवा बघून जातो. दिवा चालू आहे पण झाडात बुडालाय, ही आपल्याकडची खास अडचण. त्यासाठी विद्युत विभागाकडे केलेली तक्रार ‘दिवा सुरू आहे’ म्हणून बंद होते, कारण फांद्या हे उद्यान विभागाचं काम. तेव्हा दोन वेगळ्या तक्रारी, दोन वेगळे क्रमांक. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या बेवारस गाड्या, कुंपण नसलेले प्लॉट, पदपथ अडवणाऱ्या टपऱ्या हे सगळं क्षेत्रीय कार्यालयात एकाच पत्रात, फोटो आणि जागेसकट द्या. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

कॅमेरे लावलेत, पण दिसतं काय?

कॅमेऱ्यांवर सोसायट्या लाखभर रुपये सहज घालवतात. मग चोरी होते, पोलीस फुटेज मागतात, आणि पडद्यावर दिसते पांढऱ्या उजेडाचा एक गोळा असलेली दुचाकी. हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट धुऊन निघते. बहुतेक कॅमेरे पहिल्या मजल्याच्या उंचीवर लावलेले असतात आणि तिथून टोपीचा माथा तेवढा छान दिसतो. सगळे कॅमेरे नवे घ्यायची गरज नाही. गेटवर एक कॅमेरा छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला, गाड्यांचा वेग जिथे कमी होतो त्या जागी रोखलेला असावा. बाकीचे आहेत तसे चालतील.

दर महिन्याला दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे घड्याळ. रेकॉर्डरची वेळ पंचवीस मिनिटं मागे असेल तर चोर तुमच्या घरात असताना तुमचा पुरावा तो स्वतःच्या घरी पोचल्याचं सांगेल. दुसरी, फुटेज किती दिवस टिकतं. अनेक यंत्रं पंधरा दिवसांत जुन्यावर नवं लिहितात आणि पोलिसांचं पत्र सोळाव्या दिवशी येतं. घटना कळली त्याच दिवशी तेवढा भाग वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मूळ यंत्रालाही धक्का लावू नका. कोर्टात हे फुटेज चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ६५-ब म्हणत, तेच. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. सोसायटीतर्फे सही कोण करणार हे आधीच ठरवा, वेळ आली की सगळे सेक्रेटरीकडे बघतात.

वॉचमनबद्दल थोडक्यात. एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे का आणि माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे कागद मागा. बारा-बारा तास उभं करून, बसायला खुर्ची आणि जायला संडास न देता त्याच्याकडून सतर्कतेची अपेक्षा करणं हा मात्र आपल्या मध्यमवर्गाचा जुना विनोद आहे.

भाडेकरूंची नोंद

कंटाळवाणं काम आहे, तरी करा. जुलै २०२३ मध्ये रात्रीच्या गस्तीवरच्या कोथरूड पोलिसांनी दुचाकी चोरीच्या संशयावरून ज्यांना पकडलं, त्यांतले दोघे राजस्थानातल्या स्फोटकांच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले आरोपी निघाले. ते कोंढव्यात भाड्याने राहत होते. पुणे पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नव्हे. सोसायटीने नोंदीची प्रत मागावी, पण तेवढंच. बॅचलर नको, अमुक जातीचे-धर्माचे नकोत, हे सुरक्षेच्या नावाखाली घुसडू नये. त्याने चोऱ्या कमी होत नाहीत, रिकामे फ्लॅट तेवढे वाढतात.

ज्येष्ठांसाठी एक जुनीच युक्ती

साध्या वेशातले दोघे तोतया पोलीस गाठतात, ओळखपत्र झटकन दाखवून खिशात घालतात आणि म्हणतात, “आजी, पुढे चोरी झालीये, दागिने काढून रुमालात बांधा.” रुमाल परत मिळतो, आत खडे असतात. हा प्रकार वर्षानुवर्षं चाललाय आणि तरी चालतो, कारण आपली पिढी पोलिसांना उलट प्रश्न विचारायला शिकलेली नाही. घरातल्या आजी-आजोबांना एकच वाक्य पाठ करायला लावा: “ठाण्यात चला, तिथे काढते.” खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने उतरवून घेत नाही. फोनवर ‘डिजिटल अटक’ सांगणाऱ्यांनाही हेच लागू. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

पोलिसांबरोबरची बैठक

नोंदी जमल्या की ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांकडे वेळ मागा. पन्नास माणसांचा मोर्चा नेऊ नका, चौघं पुरेत. बरोबर एक पान न्या: कुठे, किती वाजता, काय घडतंय, आणि तीन मागण्या. अमुक गल्लीत पहाटेची गस्त, अमुक प्लॉटवर कारवाई, चौकीत रात्री माणूस. तिसरी मागणी किरकोळ समजू नका. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत कॉलेजच्या मुलीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा तिला वाचवलं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांनी, आणि जवळच्या पेरुगेट चौकीतल्या तिघा पोलिसांना पुढे निलंबित करण्यात आलं. चौकीची पाटी सगळीकडे असते, आत माणूस असतो का हे रहिवाशांनीच बघत राहायचं.

बैठकीत काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी आभाराच्या पत्रातून लिहून कळवा. आभाराचं पत्र कोणी नाकारत नाही आणि त्यात मुद्दे नोंदले जातात.

ओळखीचा गुंड असेल तर

इथे लोक गप्प बसतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरासमोर आपली मुलं खेळतात त्याच्याविरुद्ध सही करायला हात थरथरतोच. पण तडीपारीचा कायदा याच भीतीवर बेतलेला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ मध्ये हेच गृहीत धरलंय की भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. म्हणून त्यांचे जबाब ‘इन कॅमेरा’, म्हणजे बंद दाराआड गुप्तपणे, घेतले जातात आणि नाव बाहेर येत नाही. एमपीडीए या सराईत गुंडांविरुद्धच्या १९८१ च्या कायद्याखाली स्थानबद्धतेच्या प्रस्तावातही अशा जबाबांना मोल असतं. त्यात एक वर्षापर्यंत आत ठेवता येतं. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची.

करायचं एवढंच: एकट्याने न जाता दोघा-तिघांनी थेट सहायक आयुक्त किंवा उपायुक्तांना भेटून ‘इन कॅमेरा जबाब द्यायची तयारी आहे’ असं सांगायचं. ठाण्याच्या पडवीत चारचौघांसमोर हा विषय काढायचा नाही. तडीपार झालेला माणूस गणपतीत गल्लीत परत दिसला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. फोन ११२ ला करा, फोटो काढायला जाऊ नका.

तपास कुठवर आला?

फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं आता कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं नाही तर एफआयआर क्रमांक टाकून लेखी विचारा. चोर सापडलाच नाही तर पोलीस कोर्टात ‘अ’ समरी पाठवतात. अर्थ असा की गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. वाहनाच्या विम्याला बहुधा हाच कागद लागतो. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद खोटी आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमच्या खऱ्या चोरीला ‘क’ लागली असेल तर कोर्टात हरकत घेता येते, मुदत जाऊ देऊ नका. ऐवज मिळाला की मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करायचा, वर सांगितलेल्या पावत्या तिथे बाहेर काढायच्या.

ग्रुप अॅडमिनने वाचावं असं

कोयते नाचवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं बरीच असतात. त्यांचा चेहरा दिसणारी क्लिप ग्रुपवर फिरवणं बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्लिप पोलिसांना द्या, ग्रुपवर फक्त ‘फुटेज दिलं आहे’ एवढं लिहा.

‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मेसेज तर दिसताक्षणी पुसा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. शहरातल्या सोसायटीत असं होणार नाही, अशा भ्रमात राहू नका. अनोळखी फेरीवाल्याला डांबून ठेवणं, आधार कार्ड हिसकावणं इथपर्यंत सुशिक्षित माणसं सहज पोचतात. संशय आला तर ११२, पुढचं काम पोलिसांचं.

आणि पोरं वस्तीतली म्हणून वस्तीशीच वैर धरण्याचा प्रकार थांबवायला हवा. बातम्या नीट वाचल्या तर फोडलेल्या गाड्यांत वस्तीतल्याच लोकांच्या, रस्त्यावर लावलेल्या रिक्षा, डिलिव्हरीच्या दुचाकी आणि भाजीचे टेम्पो किती असतात ते दिसेल. त्या मालकांकडे ना कुंपण, ना कॅमेरा, बऱ्याचदा पूर्ण विमाही नसतो. कोणाचा मुलगा कोणाच्या नादी लागलाय हे त्यांना पोलिसांच्या आधी कळतं. तेव्हा पहिल्याच बैठकीला त्यांना बोलवा. बैठक सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवू नका, गणपती मंडळाच्या जागेत किंवा समाजमंदिरात ठेवा. आणि वेळ रात्री नऊनंतरची घ्या, रिक्षा चालवणारी आणि घरकाम करणारी माणसं त्याआधी मोकळी होत नाहीत.